आजोबांची १९६४ पूर्वीची विंचेस्टर मॉडेल ७० रायफल ठेवू की विकून नवी घेऊ? (ठाणे)

जुनीच ठेवा, फक्त नळी आधी तपासून घ्या. १९६४ पूर्वीच्या मॉडेल ७० मध्ये माउझर या जर्मन रायफलच्या पद्धतीचा, लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा भाग) असतो. मॅगझिनमधून (काडतुसांच्या कप्प्यातून) वर येणाऱ्या काडतुसाची कड तो लगेच पकडतो. त्यामुळे बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) अर्ध्यातून मागे ओढून पुन्हा ढकलला तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. १९६४ साली खर्च कमी करण्यासाठी कंपनीने हा पंजा काढला, लाकडावरची कोरीव नक्षीही ठशाने दाबून उमटवू लागली. जाणकार चिडले ते योग्यच होतं. १९९० च्या दशकात पंजा परत आला, म्हणून आजची रायफल मुळीच वाईट नाही. पण हातातली विकावी इतका फरक मला दिसत नाही.

खरी भीती आपल्या खाडीकाठच्या दमट हवेची. चामड्याच्या म्यानात ओल धरते, पावसाळे तसेच गेले असतील तर नळीत गंजाचे खड्डे पडलेले असू शकतात. तसं असेल तर माझं मत बदलेल.

शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे वापर नेमबाजीच्या रेंजवरच. आणि आधी वारस म्हणून परवाना तुमच्या नावावर करा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.