पाखरांची पत्रपेटी : दोरावर येऊन बसलेला पाहुणा

प्रश्न : काका, नमस्कार. आमचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचं जहाज आखातातून मुंबईकडे येत होतं. मुंबई अजून दीड दिवस लांब असताना सकाळी डेकवरच्या दोरावर चिमणीहून लहान पाखरू येऊन बसलेलं दिसलं. मुलाने त्याला भात घातला, बिस्किटाचा चुरा दिला, वाटीत पाणी ठेवलं. रात्री केबिनमध्ये आणून ठेवलं. त्याने कशालाच तोंड लावलं नाही. हातात घेतलं तर नुसती हाडं लागली, म्हणतो. सकाळी मेलेलं होतं. पोरगा फोनवर अजून तेच बोलतो. त्याचं काय चुकलं? आणि एवढासा जीव समुद्रावर जातोच कशाला? फोटो पाठवते आहे.
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, फोटो मोठा करून पाहिला. पाठ मातकट करडी, कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा, पाय आखूड आणि काळे, बसणं शिपायासारखं ताठ. हा ठिपकेदार माशीमार. वजन साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा, तेवढं. (मी प्रेसमधून निवृत्त झालो, पण आमच्याकडे नोटाच छापायच्या. नाण्यांचं वजन मी घरच्या काट्यावर केलंय.)

हा काही आपल्याकडे राहायला येत नाही. युरोपपासून पार बैकल सरोवराच्या बाजूपर्यंत त्याची वीण होते आणि हिवाळा काढायला तो आफ्रिकेत जातो. पूर्वेकडचे माशीमार सप्टेंबरात राजस्थान-कच्छवरून पुढे जातात. तेव्हा कच्छात बाभळीच्या फांदीवर तो हमखास दिसतो. फांदीवरून झेप घ्यायची, उडती माशी चोचीत पकडायची, परत त्याच फांदीवर यायचं. दिवसभर हाच उद्योग. तुमच्या मुलाला विचारा, दोरावरून तो मधूनच उडून परत तिथेच येऊन बसत होता का? बसत असेल तर तो माश्या शोधत होता. भर समुद्रात माश्या कुठल्या! भात आणि बिस्किट हे त्याच्या लेखी अन्नच नव्हे.

जातो कशाला, तर आफ्रिका पाण्यापलीकडे आहे म्हणून. कुठून तरी पाणी ओलांडावंच लागतं, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्यालाही वारा आत समुद्रात ढकलतो. हे पक्षी संध्याकाळी आभाळ बघून निघतात आणि रात्रभर उडतात. मध्यरात्री वारा फिरला किंवा ढग दाटले की गणित चुकतं. उजाडतं तेव्हा खाली पाणीच पाणी. सप्टेंबरात आपला पाऊस परतीला लागलेला असतो, अरबी समुद्रावर वाऱ्याचा भरवसा नसतो. अमूर ससाणा हाच समुद्र ओलांडतो, पण नोव्हेंबरात, ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन. २०१३ मध्ये नागालँडच्या पांगटी गावात उपग्रहाचे टॅग लावलेले ससाणे असेच आफ्रिकेत पोहोचले होते. ससाण्याचं वजन मात्र माशीमाराच्या आठ-दहा पट.

लहान आहे म्हणजे दुबळा आहे, असं मात्र समजू नका. अमेरिकेतला ब्लॅकपोल वॉर्ब्लर बारा ग्रॅमचा. निघण्याआधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता २३०० ते २८०० किलोमीटर जातो. पाठीवर इवलंसं यंत्र बांधून हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. ही सगळी करामत चरबीची. चरबी जळते तेव्हा ताकद मिळते आणि थोडं पाणीही सुटतं. चरबी संपली की शरीर छातीचा स्नायू जाळायला लागतं. मग छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर येतं. तुमच्या मुलाच्या बोटांना लागलं ते हेच. पाखरू जहाजावर उतरलं तेव्हाच त्याची शिदोरी संपत आली होती, ताई.

त्यात जहाज चाललेलं मुंबईकडे आणि त्याला जायचं आफ्रिकेला. आसरा मिळाला खरा, पण आसऱ्यानेच त्याला उलटं मागे आणलं.

जहाजाच्या दिव्यांचंही सांगतो, कारण त्याबद्दल मुलाला काही करता येईल. ढगाळ रात्री पक्षी प्रकाशाकडे ओढले जातात, घिरट्या घालतात, दमतात, तारांवर नाहीतर काचेवर आपटतात. दीपगृहांखाली मेलेल्या पक्ष्यांचा सडा पडायचा. कॅनडात इरी सरोवराच्या काठी लाँग पॉइंटच्या दीपगृहाचा झोत १९८९ मध्ये बदलून अरुंद आणि मंद केला, आणि मरणारे पक्षी एकदम कमी झाले. जहाजाला नियमाचे दिवे लावावेच लागतात. पण रात्री डेकवर कोणी काम करत नसताना जळणारे मोठे दिवे बंद करायला काय हरकत आहे, हे मुलाने वरिष्ठांना विचारावं.

बाकी धोक्यांची यादी मोठी आहे. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर एलिओनोरा ससाणा मुद्दाम उशिरा, उन्हाळा सरताना पिल्लं वाढवतो, कारण तेव्हाच दक्षिणेला निघालेली पाखरं समुद्रावरून दमून येतात. मेक्सिकोच्या आखातात १०५ लहान टायगर शार्कच्या पोटांत काय आहे ते पाहिलं, तर ४१ पोटांत पक्ष्यांचे अवशेष निघाले. ओळख पटलेले सगळे जमिनीवरचे पक्षी! २०१९ मध्ये हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

मुलाला सांगा, माझ्या हातून याहून मोठी चूक झालीय. एका जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री आमच्या गॅलरीत नवरंग नावाचा पक्षी येऊन आपटला. मी काय करावं? ट्यूबलाइट लावून ठेवली, घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवला, आणि ड्रॉपरने दूध पाजलं. दूध! पहाटे तो गेला. नाकपुडीवर दुधाचा पांढरा थेंब वाळलेला होता. तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं, तुमच्या पोरासारखं कोवळं नव्हतं.

पुन्हा कोणी उतरलं तर पुठ्ठ्याचं खोकं घ्यावं, भोकं पाडावीत, तळाला फडकं घालावं आणि अंधारात, आवाजापासून लांब ठेवावं. उथळ झाकणात पाणी ठेवावं, चोचीत ओतू नये. डेकच्या दिव्यांखाली सकाळी पतंग-किडे पडलेले मिळतात, ते समोर टाकावेत. तग धरला तर बंदराजवळच्या झाडीत दिवसा सोडावा. आणि तारीख, वेळ, जहाजाचे अक्षांश-रेखांश लिहून मला जरूर पाठवावेत. ते त्याच्याइतके अचूक मला कोण देणार?

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारी बदकं पण समुद्र ओलांडून येतात का?
– दहावीचा विद्यार्थी, ओझर

उत्तर : नाही रे. थापट्या, तलवार बदक वगैरे मंडळी उत्तरेकडून, मध्य आशिया-सायबेरियाकडून जमिनीवरून येतात, हिमालय ओलांडून. आणि वाटेत पाणी लागलं तरी बदकाचं काय बिघडतं? पिसांना तेल चोपडलेलं, वाटलं तर बसलं पाण्यावर. माशीमाराची पिसं भिजली की संपलं. रविवारी सकाळी साडेसहाला मी तिथल्याच चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर असतो. ये. फक्त पांढरा शर्ट घालून येऊ नकोस.