ट्रेलरची कात्री आणि बी.एस्सी.चे दुसरे वर्ष

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

प्रतापनगरहून आपण पाठवलेले पत्र आणि सोबतची चित्रफीत, दोन्ही मिळाले. आपला मुलगा नागपुरातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने एका जुन्या हिंदी भयपटातील दृश्ये उचलून, त्यांचा क्रम बदलून आणि त्यांवर सनई व खेळकर तबला चढवून, तो चित्रपट म्हणजे लग्नघरातील गोंधळाची विनोदी कथा आहे असे भासवणारा दोन मिनिटांचा ट्रेलर तयार केला. मित्रमंडळींनी तो डोक्यावर घेतला आणि आता महाविद्यालय सोडून मुंबईला जायचे, ट्रेलर कापणाऱ्या एखाद्या कंपनीत शिरायचे, असे त्याने ठरवले आहे. यजमानांचे म्हणणे असे की, ही दुसऱ्याच्या मालावर आपली पाटी लावण्याची विद्या आहे. आपण मला विचारले आहे की, यात खरोखर काही करिअर आहे का. पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने, आपण आणखी एक प्रश्न विचारला आहे: चित्रपट एक आणि ट्रेलर भलताच, ही फसवणूक नाही का? हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

चित्रफीत मी काळजीपूर्वक पाहिली. वाड्याच्या जिन्यावर मेणबत्ती घेऊन उभी असलेली नायिका मागे वळते, त्या ठिकाणी मूळ चित्रपटात किंकाळी असणार हे उघड आहे. आपल्या मुलाने ती किंकाळी सुरू होण्याच्या नेमके आधी दृश्य तोडले आहे आणि पुढे म्हाताऱ्या नोकराचे हसू जोडले आहे, त्यामुळे तिचे दचकणे लाजण्यासारखे वाटू लागते. हे योगायोगाने साधत नाही. सोव्हिएत रशियातील लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने १९२० च्या सुमारास एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक, तर एकदा दुःख दिसले, असे चित्रपटाच्या अभ्यासात सांगितले जाते. दृश्याचा अर्थ त्या दृश्यात जेवढा असतो, तेवढाच त्याच्या शेजारच्या दृश्यातही असतो, हे आपल्या मुलाला कोणी न शिकवता कळलेले आहे. चित्रफितीच्या उत्तरार्धात मात्र संगीत इतके सलग वाजते की, विनोद जमला की नाही हे तबलाच ठरवतो. ही उणीव त्याला आपण जरूर सांगा.

मुले या संदर्भात ज्या उदाहरणाचा हमखास दाखला देतात, ते आपणही ऐकले असेल. २००५ साली न्यूयॉर्कमधील रॉबर्ट रायंग या सहायक संकलकाने स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’ या १९८० च्या भयपटाचा असा ट्रेलर कापला की, तो एका एकाकी मुलाला वडिलांची माया मिळवून देणारा हलकाफुलका कौटुंबिक चित्रपट वाटावा. तो ट्रेलर जगभर पाहिला गेला. या उदाहरणातील जी बाब मुले सांगायची विसरतात, तीच आपल्या कामाची आहे. तो ट्रेलर संकलकांच्या संघटनेने सहायकांसाठी घेतलेल्या स्पर्धेसाठी केलेला होता आणि चित्रपटाची जातकुळी बदलणे ही त्या स्पर्धेची अटच होती. रायंग तेव्हा आधीपासूनच एका संकलन-संस्थेत नोकरीला होता. त्या दोन मिनिटांनी त्याला प्रसिद्धी दिली, पण धंद्याचे दार त्याने आधी सहायकाच्या कामाने उघडलेले होते.

आता प्रत्यक्ष व्यवसायाविषयी. ट्रेलर कापणाऱ्याच्या हाती बहुधा अपुरा चित्रपट येतो. रंगसंस्कार झालेले नसतात, पार्श्वसंगीत तयार नसते आणि काही वेळा शेवटही ठरलेला नसतो. त्या कित्येक तासांच्या साहित्यातून टीझर, मुख्य ट्रेलर, दूरचित्रवाणीसाठी दहा, वीस किंवा तीस सेकंदांचे तुकडे आणि मोबाइलसाठी उभ्या चौकटीतील तुकडे काढायचे असतात. निर्माता, दिग्दर्शक आणि विपणनाची माणसे यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत आणि प्रत्येक मताबरोबर नवी आवृत्ती कापावी लागते. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, म्हणून कोणते दृश्य कोणत्या वयाच्या प्रेक्षकासमोर जाणार याचेही भान ठेवावे लागते. आणि ज्याला आपण जातकुळी बदलणे म्हणतो, ते येथे थट्टेखातर होत नाही. एखादा चित्रपट शेतीच्या कर्जावरचा गंभीर चित्रपट असतो, पण त्यात सासू-सुनेचा उत्तम विनोदही असतो. अशा वेळी सीताबर्डीवर सहकुटुंब बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला तो विनोद आधी दाखवावा का, आणि दाखवला तर कर्जाची गोष्ट किती झाकावी, हा रोजच्या कामातील प्रश्न असतो.

येथेच आपली शंका येते. कायद्याचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. ‘फॅन’ या २०१६ च्या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत जे गाणे वारंवार दाखवले गेले, ते चित्रपटात नव्हतेच. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला आणि राष्ट्रीय आयोगानेही तो कायम ठेवला. परंतु एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ट्रेलर हा प्रेक्षकाशी केलेला करार किंवा दिलेले वचन नव्हे, त्यात दाखवलेली गोष्ट चित्रपटात नसली म्हणून सेवेत कसूर झाली असे होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणजे कायदा मोकळीक देतो. बाजार मात्र तेवढा उदार नाही. विनोदी समजून शुक्रवारी आलेले कुटुंब चिडून बाहेर पडले, तर ते शनिवारी चार घरांना सांगते आणि सोमवारी खुर्च्या रिकाम्या राहतात. नागपूरसारख्या शहरात, जेथे मराठी चित्रपटाला मोजके खेळ मिळतात, ते खेळ आठवडाभरातच काढून घेतले जातात. म्हणून चांगला ट्रेलर-संकलक चित्रपटात जे खरोखर आहे त्यातलेच एखादे अंग पुढे आणतो आणि जे मुळीच नाही ते उभे करत नाही. आपल्या मुलाने सुट्टीत केले ते दुसऱ्या प्रकारचे होते. सराव म्हणून त्यात काही गैर नाही, पण नोकरीसाठी तेवढे दाखवून भागणार नाही.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी की, त्याने आता एकाच चित्रपटाचे तीन ट्रेलर कापावेत: एक तरुणांसाठी, एक सहकुटुंब येणाऱ्यांसाठी आणि एक केवळ गंभीर चित्रपट पाहणाऱ्यांसाठी. तिन्हींपैकी कोणताही ट्रेलर पाहून चित्रपटाला आलेला प्रेक्षक शेवटी समाधानाने बाहेर पडला पाहिजे, एवढीच अट असावी. प्रत्येकाबरोबर त्याने एक पानभर टिपण लिहावे: पहिले दृश्य हेच का, कोणता संवाद गाळला, संगीत कोठे थांबवले आणि का. काम मागायला जाताना समोरचा माणूस चित्रफितीइतकाच या उत्तरांवर उमेदवार जोखतो. हे टिपण त्याला लिहिता आले नाही, तर त्याचे कौशल्य अजून हातात आहे, डोक्यात उतरलेले नाही, असे समजावे.

यजमानांच्या आक्षेपातही तथ्य आहे, ते नाकारू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो आणि गाण्यांच्या शब्दांचे व संगीताचे हक्क त्याहून वेगळे चालतात. टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे, पण गंमत म्हणून केलेला ट्रेलर तीत बसतोच असे गृहीत धरता येत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरते हे काम घरात राहू द्यावे. लोकांसमोर ठेवायच्या कामासाठी मात्र त्याने नागपुरातील लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे जावे आणि त्यांचे ट्रेलर लेखी परवानगीने कापून द्यावेत. दिवाळीनंतर वडसा आणि परिसरात झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातील लोकरंगभूमीची, नाटके सुरू होतात. एखाद्या मंडळीने संमती दिली, तर रात्रभराच्या प्रयोगातून दोन मिनिटांची जाहिरात काढण्याइतकी कठीण परीक्षा मुंबईतही मिळणार नाही, असे माझे मत आहे.

महाविद्यालय सोडण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे आणि त्याचे कारण प्रतिष्ठा हे नाही. पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, जी १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली, आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था, या दोन्ही ठिकाणी संकलनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यासाठी पदवी लागते; ती कोणत्याही शाखेची चालते. बी.एस्सी. अर्धवट सोडल्यास ही दोन दारे तो स्वतःच बंद करील. राहिलेला काळ त्याने वाया घालवू नये. शहरात लग्नसमारंभांच्या चित्रफिती करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे हंगामात सहायक म्हणून बसावे. हे काम त्याला कमीपणाचे वाटेल, हे मी जाणतो, पण मुदतीत काम देणे, फायलींना नावे देऊन नीट लावणे आणि ग्राहकाने सहाव्यांदा बदल सांगितला तरी शांत राहणे या गोष्टी तेथेच अंगवळणी पडतात, आणि मुंबईत सहायकाला पहिली काही वर्षे नेमके हेच करावे लागते. पदवीनंतर संस्थेत प्रवेश मिळाला नाही, तर तेव्हा मुंबईचे तिकीट काढावे. जाताना निदान सहा महिन्यांच्या राहण्या-जेवणाची तजवीज हाताशी असावी आणि ती रक्कम शक्यतो त्याने स्वतः मिळवलेली असावी.

महागडा संगणक आताच घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. घेऊ नये. दाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे आणि घरच्या संगणकाला ती जड जात असेल, तर त्याची मेमरी वाढवून पाहावी. थोडे पैसे खर्च करायचेच असतील, तर चांगल्या हेडफोनवर करावेत, कारण त्याच्या ट्रेलरमधील सर्वांत कच्चा भाग ध्वनीचाच आहे. तीनपैकी पहिला ट्रेलर आणि त्याचे टिपण तयार झाले की माझ्याकडे पाठवावे. त्या वेळी यजमानांनीही एक ओळ लिहिली तर मला आनंद होईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर