वीस पिल्लं, नवं खुराडं आणि कर्ज: हिशेब अंड्यांत करून बघू

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागे मोकळी जागा आहे, घरात आठवड्याला साधारण दोन डझन अंडी लागतात, अंडी महाग झालीयेत, म्हणून कोंबडीची वीस पिल्लं आणायची, सुताराकडून पक्कं खुराडं करून घ्यायचं, पिल्लं आणि सुरुवातीच्या खाद्यासाठी छोटं कर्ज काढायचं आणि जास्तीची अंडी विकून ते फेडायचं. बाजूला तीन महिन्यांच्या खर्चाइतकी बचत आहे, त्यातली एका महिन्याची रक्कम खुराड्यात जाईल. मुलं फार मागे लागलीयेत हेही तुम्ही लिहिलंय, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं, त्यावर खाली येतोच.

माझं मत आधीच सांगतो. कोंबड्या जरूर पाळा. पण वीस नको, कर्ज तर अजिबात नको, आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या बचतीला हात लावू नका. का ते आता नीट सांगतो.

पिल्लू स्वस्त असतं, आणि सगळे तिथेच फसतात. पिल्लाची किंमत हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात छोटा खर्च आहे. खरा पैसा दोनच ठिकाणी जातो, खुराडं आणि खाद्य. हे दोन्ही तुम्ही पाठवलेल्या भावांवरून मी पैशात न मोजता अंड्यांत मोजलं, म्हणजे "ही वस्तू किती अंड्यांच्या किमतीची" असं, कारण भाव वरखाली झाले तरी तुमचा खरा प्रश्न तोच राहतो. तुमच्याकडे एक किलो खाद्य साधारण ४ अंड्यांच्या भावात पडतं, आणि सुताराने सांगितलेलं खुराडं ४,००० अंड्यांच्या भावात.

आता कोंबडीकडे बघू. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला चाळीस-बेचाळीस किलो. चांगल्या संकरित जातीची कोंबडी पहिल्या वर्षात २५० ते ३०० अंडी देते, आपण २७० धरू. भागाकार केला की एका अंड्यामागे १५५ ग्रॅमच्या आसपास खाद्य जातं. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, कुठल्याही भावाला तो लावता येतो. तुमच्या भावात त्याचा अर्थ असा की प्रत्येक अंड्यातलं सहा दशांश अंडं कोंबडीने आधीच खाल्लेलं आहे, तुमच्या हाताशी उरतं चार दशांश, आणि त्यातूनच खुराडं, औषधं, भुसा, लाइटबिल सगळं निघायचंय.

तुम्ही म्हणताय की मिक्स पिल्लं स्वस्त मिळतायत. मिक्स म्हणजे साधारण अर्धे कोंबडे. वीसातल्या दहा कोंबड्या, त्यातली एखादी दगावली तर नऊ. नऊ कोंबड्यांची पहिल्या वर्षाची अंडी २,४३०, त्यांच्या खाद्याचा खर्च १,५१२ अंड्यांइतका, हातात राहिली ९१८. बरं वाटतंय ना? आता दुसरं वर्ष घ्या. अंडी साधारण पंधरा टक्क्यांनी घटतात पण खाणं तसूभरही कमी होत नाही, त्यामुळे ९१८ चे होतात साडेपाचशे. तिसऱ्या वर्षी अंडी पहिल्या वर्षाच्या सत्तर टक्क्यांवर आली की हातात राहतात जेमतेम १८९. तीन वर्षांची बेरीज १,६६० च्या आसपास, आणि खुराडं ४,००० चं. शिवाय अंडं द्यायच्या आधीच्या महिन्यांचं खाद्य यात धरलेलंच नाही. म्हणजे हे खुराडं या कोंबड्यांकडून कधीच वसूल होत नाही, आणि वर कर्जाचं व्याज. अंडी उत्पादन घटतं हे बहुतेकांना माहीत असतं, पण घट १५ टक्के आणि नफ्यातली घट ४० टक्के हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

आणि कर्जाचा वेगळा त्रास आहे तो वेळेचा. पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं यायला संकरित जातीत १८ ते २२ आठवडे लागतात, वजनदार जातींना त्याहून जास्त. तोवर प्रत्येक पिल्लू साडेसात किलोच्या आसपास खाद्य खातं, वीसही सांभाळले तर दीडशे किलो, म्हणजे ६०० अंड्यांचा खर्च आणि एकही अंडं हातात नाही. पण हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू. ज्या गोष्टीचं उत्पन्न पाच महिन्यांनी सुरू होऊन पुढे दरवर्षी कमी होत जाणारे तिच्यासाठी कर्ज काढायचं नसतं, मग रक्कम कितीही छोटी असो.

आता तुमच्या घरासाठी बसेल असं गणित. आठवड्याला दोन डझन म्हणजे वर्षाला साडेबाराशे अंडी. पाच कोंबड्या पहिल्या वर्षी १,३५० देतात. तुमची गरज पाच कोंबड्यांत भागते, विकायची भानगडच नाही. म्हणून मादी म्हणून निवडलेली सहा पिल्लं घ्या, ती मिक्सपेक्षा महाग असली तरी. हॅचरीत पिल्लाचं लिंग ओळखण्यात साधारण दहात एखादी चूक होतेच, त्यामुळे सहात एक कोंबडा निघाला किंवा एखादं पिल्लू गेलं तरी पाच हातात राहतात. (कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी देतात, तो फक्त पिल्लं काढायची असतील तर लागतो.) पाच कोंबड्यांची तीन वर्षांची खाद्य वजा जाता शिल्लक होते साधारण ९२०. वाढवण्याचं खाद्य १८० धरलं तर खुराड्याला उरतात सव्वासातशे-साडेसातशे अंडी. तेवढ्यात खुराडं बसवा, जुनं लाकूड, जुनं कपाट, कोणाचं वापरलेलं खुराडं, काहीही चालेल, आणि तुम्ही ना नफा ना तोट्यावर याल. त्याहून वर खर्च केला तर तो मुलांच्या आनंदासाठी केलेला खर्च आहे हे मान्य करून करा. त्यात चुकीचं काहीच नाही, सायकल घेताना आपण ती वसूल कधी होणार असं विचारत नाही. फक्त तो खर्च महिन्याच्या पगारातून व्हावा, राखीव बचतीतून नाही.

स्वस्त खुराडं म्हणजे कसंही खुराडं नव्हे हं. एका कोंबडीला आत साधारण ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला ८ ते १० चौरस फूट लागतात, बसायला दांडीवर वीत-सव्वा वीत जागा, आणि चार-पाच कोंबड्यांत अंडी घालायला एक खोकं पुरतं. वरून हवा खेळती हवी, कारण शिटेतून अमोनिया निघतो आणि ओलसर कोंदट जागेत कोंबड्यांना श्वासाचे आजार होतात. पैसा कुठे वाचवायचा नाही ते सांगतो, जाळीत. जी पातळ षटकोनी कोंबडीजाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, कुत्रा ती फाडतो, आणि उंदीर-साप तर तिच्या भोकांतून सरळ आत जातात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या आणि कडेने फूटभर जमिनीत गाडा. एका रात्रीत पाचही कोंबड्या गेल्या तर वरचं सगळं गणित शून्य होतं, म्हणून जाळी हाच तुमचा विमा समजा.

पिल्लं घरी येतील त्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायची जागा, तयार ठेवा. मोठं खोकं, खाली कोरडा लाकडी भुसा (वर्तमानपत्र नको, पाय घसरून पिल्लांचे पाय फाकतात), आणि पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी करत जायचं. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढून मोठ्याने चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, कडेला जाऊन पंख सैल सोडून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर गरम होतंय, आणि सगळीकडे पसरून टिपत, मध्येच जिथल्या तिथे आडवी होऊन झोपत असतील तर ऊब बरोबर आहे. आल्या आल्या प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून द्या, पाणी कुठे आहे ते त्यांना तेवढ्याने कळतं, आणि भांडं उथळ ठेवा, खोल भांड्यात पिल्लं बुडून मरतात. पहिले काही दिवस शेपटीखाली शीट चिकटून सुकलीये का ते रोज बघायचं, असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने हळूच पुसायचं, ओढायचं नाही. मुलांना हे काम द्या, पण नंतर साबणाने हात धुवायचेच, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या अंगावरही साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. आणि तो उबेचा दिवा दोन ठिकाणी पक्का बांधा, कोरड्या भुशात पडला तर आग लागते, हा खर्च कुठल्याच हिशेबात बसत नाही.

खाद्यात एक चूक फार जण करतात, एकच पोतं आणून सगळ्यांना घालतात. पिल्लांना १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्य, लागतं. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, ते अंड्याच्या कवचासाठी, लहान पिल्लाला दिलं तर किडन्या खराब होतात, त्यामुळे अंडी सुरू व्हायच्या सुमारासच ते सुरू करा. घरातलं उरलंसुरलं द्या पण थोडंच, त्यावर खाद्याचा खर्च वाचवायला गेलात तर प्रथिनं कमी पडून अंडी घटतात.

लसीकरण विचारूनच पिल्लं घ्या. मरेक्सची (कोंबड्यांचे पाय लुळे करणारा विषाणूचा रोग) लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, नंतर देऊन फारसा उपयोग नाही. मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्याकडून घ्या. आणि ओला भुसा रोज काढा, रक्ती हगवण त्यातूनच पसरते.

पिल्लांऐवजी एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही पण विचारात घ्या, तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या. पिल्लाची किंमत, अधिक साडेसात किलो खाद्य म्हणजे ३० अंडी, अधिक ब्रूडरची वीज आणि मरतूक. या बेरजेपेक्षा तलंग स्वस्त मिळत असेल तर पैशाच्या दृष्टीने तीच घ्यावी, अंडी काही आठवड्यांत सुरू होतात आणि कोंबडे निघण्याचा प्रश्न राहत नाही. पण मुलांना पिल्लं वाढताना बघायचीयेत, आणि सहा पिल्लांत होणारा जास्तीचा खर्च एवढा मोठा नाही, मी तुमच्या जागी असतो तर पिल्लंच आणली असती.

दोन गोष्टी घरात बसून आत्ताच ठरवा. वर्षातून एकदा कोंबड्यांची पिसं झडतात तेव्हा, आणि दिवस लहान होतात तेव्हा, अंडी काही आठवडे बंद किंवा अगदी कमी होतात, दिवसाला १४ ते १६ तास उजेड असला तरच त्या भरपूर घालतात. त्या दिवसांत खाद्य चालू आणि अंडी विकत, दोन्ही खर्च एकदम येतात. दुसरी गोष्ट अवघड आहे. कोंबडी पाच ते आठ वर्षं जगते, आणि चौथ्या वर्षापासून ती अंड्यांपेक्षा जास्त खाते. तेव्हा तिला सांभाळणार, कोणाला देणार की कापणार, हे मुलांना तिचं नाव ठेवायच्या आधी माहीत असलेलं बरं. सांभाळायची असेल तर वर्षाला एका कोंबडीमागे चाळीस किलो खाद्य कायमचं बजेटमध्ये धरा.

तर मग करायचं काय: कर्जाचा अर्ज थांबवा. या महिन्यापासून अंड्यांवर जो खर्च करताय तेवढीच आणखी रक्कम वेगळी टाकायला लागा, खुराड्याचं सामान त्यातूनच घ्या, साडेसातशे अंड्यांच्या खुराड्याला सातेक महिने लागतील, तोवर तुमच्या भागात कोंबड्या पाळायला परवानगी आहे का आणि शेजाऱ्यांची हरकत नाही ना ते विचारून घ्या. खुराडं आणि जाळी पूर्ण झाली की मगच पिल्लांची ऑर्डर द्या. जुन्या सामानातल्या खुराड्याचा अंदाज सुताराकडून घेतलात की मला कळवा, आकडे बसवून बघू.