मुंबई-नागपूर नक्की किती लांब?

प्रश्न: नमस्कार, बहीण नागपूरला असते म्हणून अधूनमधून जाणं होतं. नेटवर मुंबई-नागपूर अंतर 680 किमीच्या आसपास दिसतं, रेल्वेच्या तिकिटावर 837 आणि समृद्धीवाले म्हणतात 701. मग खरं कुठलं? आणि विमान ताशी 800 ने उडतं ना, तरी तिकिटावर दीड तास कसा काय?
– एक वाचक, कल्याण

उत्तर: ताई, तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळीच वाट मोजलीय. 680 म्हणजे नकाशावर दोरी ताणून सरळ. रेल्वे कसारा घाट चढून मनमाडवरून वर भुसावळला जाते आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर गाठते, एवढा वळसा म्हटल्यावर 837 होणारच. समृद्धीचे 701 मात्र भिवंडीजवळच्या आमणेपासूनचे, त्यामुळे अंधेरी-दादरवाल्यांनी मुंबईतलं ट्रॅफिक वेगळं धरायचं (तुम्ही कल्याणवाले त्यातल्या त्यात सुटलात).

आता दीड तासाचं. तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते, विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू आणि तिकडच्या गेटला लागलं की बंद. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि मग टेकऑफसाठी लाइन लागते, त्यात पंधरा-वीस मिनिटं आरामात जातात. बरं, उडाल्या उडाल्या कोणी 800 चा वेग पकडत नाही, 10,000 फुटांच्या खाली साधारण 460 च्या वर जायचं नसतं, आणि उतरायची तयारी तर नागपूर दीडशे-दोनशे किमी लांब असतानाच सुरू होते. म्हणजे 680 मधले चढण्या-उतरण्याचे किमी वजा केले तर फुल स्पीडला उरतं किती? जेमतेम निम्मं. वर एअरलाइन्स थोडा वेळ राखूनच वेळापत्रक छापतात, उशीर झाला तरी वेळेत पोचलो म्हणायला मोकळे. येताना पावसाळा असला की अजून मजा, घाटकोपरवरून सरळ उतरायला मिळालं तर नशीब, नाहीतर बसा घिरट्या मोजत.

आमचं विचाराल तर नुसत्या दीड तासाला भुलू नका. कल्याणहून एअरपोर्ट गाठायला दीड-दोन तास, तिथे आधी दोन तास जाऊन बसायचं, मग फ्लाइट, मग सोनेगाव म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून बहिणीचं घर, सगळं धरून सहा-सात तास होतातच. समृद्धीने गाडी काढली तर आठ-नऊ तास, पण सोबत दुसरा ड्रायव्हर हवाच, तो सरळसोट रस्ता झोप आणतो. एकट्याच जाणार असाल तर विदर्भ एक्सप्रेस बघा, संध्याकाळी कल्याणला चढायचं, झोपायचं, सकाळी नागपूर. आणि येताना बहीण संत्र्यांची पेटी देणार असेल तर विमानात सामान बहुतेक वेळा 15 किलोच चालतं, वरच्या किलोचे पैसे संत्र्यांपेक्षा महाग पडतील.