फोन 'लागतो' तेव्हा काय होतं, आणि 'स्विचिंग सेंटर'ला मराठीत काय म्हणावं

चोपड्याहून एका शिक्षिकेने विचारलं आहे. मुलांसाठी मोबाइलच्या कामकाजावर त्या टिपण लिहीत आहेत आणि एका भाषांतरात त्यांना हे वाक्य सापडलं: "भ्रमणध्वनी बदल केंद्र हे ध्वनिसंदेशाचे मार्गक्रमण करते." यातून मुलांना काहीच कळत नाही, मूळ इंग्रजी शब्द 'मोबाइल स्विचिंग सेंटर', तेव्हा 'स्विचिंग'साठी 'बदल' बरोबर आहे का, नसेल तर काय लिहावं? जाता जाता त्यांनी असंही विचारलं आहे की आपण 'फोन लागला' म्हणतो, त्या लागण्याचा आणि या केंद्राचा काही संबंध आहे का.

ताई, दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, पण आधी पहिला उरकू.

'बदल केंद्र' चुकीचं आहे. तिथे काहीच बदलत नाही. स्विच म्हटलं की आपल्यासमोर भिंतीवरचं बटण येतं, म्हणजे चालू-बंद. इथे तो अर्थ नाही. अमेरिकेत रेल्वेच्या सांध्यालाच स्विच म्हणतात, आणि तो वापर टेलिफोनच्या आधीचा आहे. खानदेशात हे समजावायला भुसावळ पुरे आहे. मुंबईकडून आलेली गाडी तिथून नागपूरकडे जाणार की खंडव्याकडे, हे सांधा कुठल्या रुळाला लावला आहे त्यावर ठरतं. गाडी तीच, डबे तेच, वाट कुठली द्यायची एवढाच निर्णय. स्विचिंग सेंटर आवाजाच्या बाबतीत हेच करतं. मुंबईत 1882 साली पहिलं टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं त्या काळात हे काम माणूस करायचा. ऑपरेटर एका ग्राहकाच्या भोकातून निघालेली दोरी दुसऱ्याच्या भोकात खुपसायचा. पुढे स्ट्रॉवजर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1891 मध्ये आपोआप जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. हा माणूस अंत्यसंस्काराचं सामान पुरवण्याच्या धंद्यात होता, हे मुलांना जरूर सांगा, विसरणार नाहीत.

मग 'जोडणी केंद्र' म्हणावं का? अर्थाने चोख आहे, पण नळजोडणी, वीजजोडणी, गॅसजोडणी या शब्दांनी 'जोडणी' अडवून ठेवली आहे. 'मोबाइल जोडणी केंद्र' अशी पाटी दिसली तर लोक आधार कार्ड घेऊन नवं सिम काढायला रांगेत उभे राहतील. 'सांधणी केंद्र' मला स्वतःला आवडतं, पण ते माझ्या आवडीपुरतंच ठेवतो. मागच्या पिढीने 'टेलिफोन एक्स्चेंज'साठी 'विनिमय केंद्र' न करता सरळ 'दूरध्वनी केंद्र' केलं, कारण एक्स्चेंजमधला विनिमय कुणाच्या कामाचा नव्हता. तुम्हीही 'स्विचिंग केंद्र' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे कॉल जोडून देणारं केंद्र' असं फोडून सांगा. 'मार्गक्रमण' मात्र खोडाच. मार्गक्रमण वाटसरू करतो. केंद्र मार्ग ठरवतं.

आता 'लागणं'. संस्कृतातला 'लग्' म्हणजे चिकटणं, स्पर्श होणं. त्यातूनच 'लग्न' आणि त्यातूनच 'लागणे'. जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोल लागतं, पारोळा लागतं. गाडी फलाटाला लागते. अहिराणीतही 'फोन लागना का?' असंच विचारतात. याची सकर्मक जोडी 'लावणे'. फोन मी लावतो, पण तो लागणं माझ्या हातात नसतं. म्हणून 'मी फोन लावला, पण लागला नाही' हे वाक्य मराठीत अगदी सरळ आहे. लावण्याचा कर्ता मी, आणि लागण्यासाठी मधे कुणीतरी राबतं. ते कुणीतरी म्हणजे तुमचं केंद्र.

ते राबतं कसं, हे एका कॉलच्या मागे जाऊन पाहू. समजा तुम्ही चोपड्याहून सुरतेला असलेल्या धाकट्या भावाला फोन लावला. (सुरतेत खानदेशी माणूस इतका आहे की हे उदाहरण शोधावं लागलं नाही.) भावाचं सिम आपल्याकडचंच.

लँडलाइन असती तर नंबरातच पत्ता होता. 0257 म्हणजे जळगाव, 02562 म्हणजे धुळे, 02564 म्हणजे नंदुरबार. पहिले आकडे वाचले की केंद्राला दिशा कळायची. मोबाइलच्या दहा आकड्यांत गाव नसतं. अमुक मालिका अमुक कंपनीला, अमुक सर्कलसाठी (म्हणजे फोनसेवेसाठी आखलेल्या विभागासाठी) दिलेली, एवढंच त्यावरून कळायचं. खानदेश येतो 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये, ज्यात गोवा आहे आणि मुंबई नाही. जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा कंपनीचीही खात्री गेली. त्यामुळे तुमच्या बाजूचं नेटवर्क आधी हा नंबर सध्या कुठल्या कंपनीकडे आहे ते तपासतं आणि कॉल त्या कंपनीच्या दाराशी नेतं.

दाराशी बसलेल्या केंद्रालाही भाऊ कुठे आहे ते माहीत नसतं. ते कंपनीच्या मूळ नोंदवहीला विचारतं. प्रत्येक ग्राहकाची कायमची नोंद तिथे असते आणि 'सध्या कुठल्या केंद्राच्या हद्दीत' हेही तिथेच लिहिलेलं असतं. भाऊ सुरतेला उतरला आणि त्याच्या फोनने तिथला टॉवर पकडला, तेव्हाच सुरतेच्या केंद्राने त्याला आपल्या पाहुण्यांच्या वहीत घेतलं आणि मूळ वहीला कळवलं. फोन खिशात होता, कुणी बटण दाबलं नाही, तरी हे झालं.

पुढचा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. मूळ वही सुरतेकडे विचारणा करते, आणि सुरतेचं केंद्र भावाला एक तात्पुरता नंबर देतं. हा नंबर भावाला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही, कुणाच्या बिलावर येत नाही. तो तेवढ्या एका कॉलला वाट दाखवण्यापुरता असतो. भावाच्या खऱ्या नंबरात गाव नव्हतं, या नंबरात आहे, कारण तो सुरतेच्या केंद्राच्या साठ्यातला आहे. या नंबराच्या जोरावर कॉल सुरतेला पोचला की नंबर मोकळा होतो आणि पुढच्या पाहुण्याला मिळतो. 'रोमिंग नंबर' या इंग्रजी नावाचं शब्दशः भाषांतर केलं तर 'भटकंती क्रमांक' होईल. तुम्ही 'पाहुणा नंबर' लिहा.

कॉल सुरतेला पोचला तरी लागलेला नाही. केंद्राला अजून नेमका टॉवर माहीत नाही, फक्त टॉवरांचा एक गट माहीत आहे. मग त्या गटातल्या सगळ्या टॉवरांवरून एकदम हाक जाते. भावाचा फोन ती ऐकून 'मी इथे' म्हणतो, त्याला बोलायला वाट मिळते आणि त्याची घंटी वाजते. तुमच्या कानात वाजणारी घंटी मात्र त्याच्या फोनची नसते, ती नेटवर्क तुमच्यासाठी वाजवतं.

यावरून 'बंद आहे' आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' यातला फरकही सांगता येईल. फोन रीतसर बंद केला तर तो जाता जाता केंद्राला निरोप देऊन जातो. त्यामुळे केंद्राला हाक मारावी लागत नाही, उत्तर लगेच येतं. पण फोन चालू असतानाच सातपुड्यात कुठल्या डोंगराआड गेला, तर निरोप राहून जातो. केंद्र हाक मारतं, वाट पाहतं, मग सांगतं. त्या आधीच्या शांततेत ही हाकाहाक चाललेली असते. फोन बराच वेळ काहीच कळवेनासा झाला की केंद्र त्यालाही बंद धरतं. वर्तमानपत्रांत पुढारी 'नॉट रिचेबल' होतात ते यांपैकी कुठल्या प्रकारात मोडतात, ते वाचकांनी ठरवावं.

नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. सर्कलची हद्द कागदावर असते आणि लहरी कागद वाचत नाहीत. सीमेवर बसल्या जागी फोन पलीकडचा टॉवर धरतो आणि तिथल्या केंद्राच्या पाहुण्यांच्या वहीत जातो. रोमिंगचे वेगळे पैसे पडत तेव्हा याचा चांगलाच फटका बसायचा.

एक दुरुस्ती टिपणात घालाच. वरची सगळी रीत टू-जी आणि थ्री-जीची. फोर-जीवर आवाजसुद्धा डेटासारखाच तुकड्यातुकड्यांनी जातो आणि केंद्राचं काम वेगवेगळ्या सर्व्हरमध्ये वाटलं गेलं आहे. नोंदवही, शोध आणि वाट ठरवणं राहिलंच, एकाच केंद्रात खोचलेलं नाही एवढंच. ज्या फोनला किंवा सिमला फोर-जीवर बोलण्याची सोय नसते, तो कॉलपुरता खाली थ्री-जी किंवा टू-जीवर उतरतो, म्हणून तिथे फोन लागायला अंमळ वेळ लागतो. (दोन्ही 'लागणे' एकाच वाक्यात, पण अर्थ वेगळे. मुलांना ओळखायला द्या.)

तेव्हा तुमचं वाक्य असं होईल: "ज्याला फोन लावला आहे तो कुठल्या हद्दीत आहे हे नोंदवहीतून शोधून, कॉलची वाट ठरवून तो जोडून देण्याचं काम मोबाइल स्विचिंग केंद्र करतं." लांब झालं खरं, पण मुलं गप्प बसणार नाहीत.

'हँडओव्हर'चं विचारलेलं नाही, पण पुढच्या पानावर तो येईलच. बोलता बोलता गाडी पुढे जाते आणि कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो, ते. भाषांतरांत त्याला 'हस्तांतरण' म्हणतात. त्या शब्दाला सातबाऱ्याचा वास येतो. 'कॉल पुढच्या टॉवरकडे सोपवणं' असं लिहा.