मूल शोधणं हे डिस्ट्रिक्टचं काम, पण चिठ्ठी तुम्ही लिहा

मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत, स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे आणि इथल्या मराठी आईबाबांचे मेसेज मला सतत येत असतात. या वेळी बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, मुलाला स्पेशल एज्युकेशन, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीचं वेगळं शिक्षण, लागेल का हे बघायला सुरुवात कुणी करायची? त्यातले चार घेते.

फ्रिस्को, टेक्सासहून एक आई: मुलगा दुसरीत आहे, वाचनात खूपच मागे. वर्षभर शाळा त्याला छोट्या ग्रुपमध्ये वेगळं वाचन देतेय. टेस्टिंगचं विचारलं की म्हणतात आधी हे पूर्ण होऊ दे, आणि तसा पास होतोय ना. थांबू का?

नाही, अजिबात थांबू नका. अमेरिकेत 1975 चा कायदा आहे, आता त्याला आयडीईए म्हणतात, आणि त्यात चाइल्ड फाइंड नावाची जबाबदारी आहे. म्हणजे ज्या मुलाला डिसॅबिलिटी असावी आणि स्पेशल एज्युकेशनची गरज असावी अशी शंका येते, त्याला शोधून त्याचं इव्हॅल्युएशन, म्हणजे तपासणी, करणं डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, बंधनकारक आहे, आणि तो वरच्या वर्गात जातोय एवढ्यावर त्याला बाजूला ठेवता येत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. छोट्या ग्रुपमधली मदत चांगलीच आहे, ती चालू राहू दे, पण ती चालू आहे म्हणून इव्हॅल्युएशन लांबवता येत नाही, हे फेडरल शिक्षण खात्याने 2011 मध्येच सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय.

तुमच्या टेक्सासबद्दल तर मला आणखीनच कळकळीने सांगावंसं वाटतं. तिथे राज्याने 2004 पासून साडेआठ टक्क्यांचा एक आकडा ठरवला होता, स्पेशल एज्युकेशनमध्ये त्यापेक्षा जास्त मुलं दिसली की डिस्ट्रिक्टला जाब विचारला जायचा. 2016 मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल या वर्तमानपत्राने हे बाहेर काढलं आणि 2018 च्या जानेवारीत फेडरल खात्याने ठरवलं की यात कायदा मोडला गेला. आकडा गेला, पण ‘अजून थोडं बघूया’ म्हणायची सवय एवढ्यात जात नाही हो.

आणि पास होणं म्हणजे काय, ते पण बघा. मागे एक मुलगा माझ्यासमोर अगदी छान वाचत होता, शब्दाखाली बोट फिरवत, आवाजात चढउतार वगैरे. माझ्या हातून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली तर हा आपला मधलं, न दिसणारं पान म्हणत राहिला आणि बोट भलत्याच शब्दांवर. अख्खं पुस्तक पाठ होतं त्याला. मग मी साधे खोटे शब्द लिहून दिले, ज्यांना काही अर्थच नाही असे, तर तीन अक्षरांचा एकही शब्द त्याला जुळवता येईना. तोपर्यंत रिपोर्ट कार्डवर सगळं ठीक होतं!

तर आता करायचं काय, एक ईमेल. तोंडी विनंतीचा माग राहत नाही. प्रिन्सिपल आणि डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन डायरेक्टर दोघांना पाठवा, तारीख घाला, आणि लिहा की माझ्या मुलाला डिसॅबिलिटी असावी अशी मला शंका आहे, त्याचं स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन करावं, आणि खाली घरी काय दिसतं त्याची तीन-चार उदाहरणं द्या. टेक्सासमध्ये त्यांना शाळेच्या 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि तुम्ही संमतीवर सही केली की साधारणपणे शाळेच्या 45 दिवसांत रिपोर्ट. नाही म्हणाले तर कारणांसकट लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि त्यावर राज्याकडे तक्रार करता येते.

जर्सी सिटीहून एक बाबा: आम्ही एच-वन-बीवर आहोत. हे आमच्या मुलीला लागू होतं का? आणि पुढे कॉलेजला कळेल का?

लागू होतं. आयडीईए व्हिसा विचारतच नाही, आणि इमिग्रेशन स्टेटसवरून पब्लिक स्कूलचं दार बंद करता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1982 मध्ये सांगितलंय. कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर मुलाची डिसॅबिलिटी लिहीत नाहीत.

फ्रिमाँटहून एक आई: मुलगा प्रायव्हेट शाळेत आहे, मग डिस्ट्रिक्ट टेस्ट करेल का?

करेल, फुकट करेल. शाळा ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे त्यांची ती जबाबदारी, तुमचं घर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असलं तरी. पण टेस्टिंग मिळतं म्हणून पुढच्या सगळ्या सोयी प्रायव्हेटमध्ये मिळतीलच असं नाही, पूर्ण हक्काने हव्या असतील तर मुलाला पब्लिक स्कूलमध्ये घालावं लागतं.

एडिसनहून एक आजी: नात दोन वर्षं चार महिन्यांची. ‘आई’, ‘बॉल’, ‘नको’ असे पाच-सहाच शब्द. ओळखीचे म्हणतात घरी मराठी बंद करा, सूनबाई म्हणते शाळेत गेली की बोलेल.

काकू, मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, ज्या मुलाला अडचण असते ती दोन्ही भाषांत दिसते, आणि इंग्रजी कच्चं आहे एवढ्यावरून कुणाला डिसॅबल्ड ठरवता येत नाही, हेही कायद्यातच आहे. तिचे शब्द मोजताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही धरायचे. तरीही या वयाला पाच-सहा कमीच आहेत, आणि शाळेची वाट बघण्यात काही अर्थ नाही.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी डिस्ट्रिक्ट नाही, राज्याची अर्ली इंटरव्हेन्शन आहे, म्हणजे इतक्या लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीची मदत. फोन आईबाबा स्वतःच करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. इव्हॅल्युएशन फुकट, नंतरच्या थेरपीला मात्र न्यू जर्सीत उत्पन्नाप्रमाणे काही पैसे पडू शकतात. फोन केल्यापासून 45 दिवसांत इव्हॅल्युएशन आणि पहिली प्लॅन मीटिंग व्हायला हवी. फोनवरच सांगा की घरी मराठी बोलतो, दुभाषी हवा. आणि तुम्ही स्वतः त्या वेळी घरी थांबा काकू, कारण दिवसभर ती तुमच्याजवळ असते, बोट दाखवते का, हाक मारल्यावर वळून बघते का, ‘चप्पल आण’ म्हटलं की नुसत्या बोलण्यावरून आणते की तुमचा हात दाराकडे गेल्यावर, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नसणार. दोन दिवस वहीत लिहून ठेवा, मराठीतच लिहा, दुभाषी सांगेल त्यांना. तीन वर्षं पूर्ण झाली की पुढचं डिस्ट्रिक्टकडे जातं आणि हातात आठच महिने आहेत, तेव्हा सूनबाईंना फोन या आठवड्यातच करायला सांगा.