‘काही अडचण नाही, सर’

“मॅडम, मी रोज सकाळी दहा वाजता आठ काळ्या चौकोनांशी बोलतो.”

निखिल पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे म्हणाला. (नाव बदललं आहे, कामाचे तपशीलही बदललेत आणि लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे.) वय छत्तीस, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट लीड. हाताखाली आठ जण. पाच पुण्यात, दोघं नागपुरात, एक इचलकरंजीहून घरूनच काम करणारा. पुण्यातले मंगळवार ते गुरुवार ऑफिसात आणि बाकी दिवस घरून. रोजच्या स्टँडअपला, म्हणजे सकाळच्या छोट्या टीम-बैठकीला, सगळ्यांचे कॅमेरे बंद. ‘काल हे केलं, आज ते करतोय, काही अडचण नाही, सर.’ हेच आठ वेळा. मग स्प्रिंट (कामाचा दोन आठवड्यांचा टप्पा) संपायच्या आदल्या दिवशी कळायचं, की तीन कामं आठवडाभर अडकून पडली होती.

रविवारी संध्याकाळपासून त्याच्या छातीत धडधडायचं. ईसीजी काढून झाला होता, तो व्यवस्थित होता. डॉक्टरांनीच माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं. “माझ्यात लीडरशिप नाहीच असं वाटायला लागलंय,” तो म्हणाला.

घरून काम सुरू झालं तेव्हापासून ही काळजी घेऊन येणारे माझ्याकडे वाढलेत. कुणी म्हणतं टीम एंगेज होत नाही, कुणी म्हणतं नव्या पोरांना कशाचंच काही वाटत नाही. आत खोलवर बोच एकच असते: मी बोलतो आणि पलीकडून काही येत नाही, म्हणजे माझ्यातच खोट असणार.

मी आयटीतली नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत अर्धा वेळ मी विद्यार्थिनी होते आणि तो समजावून सांगत होता. प्रोजेक्ट एका जर्मन विमा कंपनीचं. अर्धं काम म्हणजे जुन्या सिस्टीममधल्या सगळ्या पॉलिसी नव्या सिस्टीममध्ये हलवायच्या. त्याच्या तारखा वर्षभर आधी ठरलेल्या. जुनं बंद करून नवं सुरू करायचा शनिवार-रविवारसुद्धा ठरलेला. उरलेलं अर्धं म्हणजे ग्राहकांसाठी मोबाइल ॲप. ते दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये. थोडं करायचं, दाखवायचं, ऐकायचं, बदलायचं. एकाच प्रोजेक्टच्या या दोन चालींना ते हायब्रिड म्हणतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. लाखो पॉलिसी ‘बघू पुढच्या स्प्रिंटला’ म्हणत हलवता येणार नाहीत, आणि ॲपचा कुठला पडदा लोकांना अवघड जाईल हे वर्षभर आधी कागदावर कळणार नाही.

“आणि तुम्ही यातल्या कुठल्या चालीनं चालता?” मी विचारलं.

“दोन्ही. दोन डगरींवर पाय.” तो हसला. त्या दिवशीचं ते एकच हसू.

त्याला माझ्याकडून उपाय हवे होते, तेही यादी करून. स्वतःचे उपाय त्याने करून पाहिले होते. शुक्रवारी ऑनलाइन तंबोला, वाढदिवसाला घरपोच केक, ‘कॅमेरा ऑन वेनस्डे’. तंबोल्याला माझा विरोध नाही, आमच्या सोसायटीत मीही खेळते. पण तंबोल्याला जो कॅमेरा सुरू होतो तोच सोमवारी दहाच्या स्टँडअपला बंद असेल, तर माणसं लाजरी आहेत किंवा थंड आहेत हे म्हणणं टिकत नाही. ती जागा पाहून बोलतायत.

म्हणून पुढच्या भेटीत मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, “तुमच्या टीममध्ये कुणी एक वाक्य बोललं, की ते कुठं कुठं जातं, बाण काढून दाखवा.”

त्याने काढलं. स्टँडअपमधलं वाक्य त्याच्या एक्सेलमध्ये. एक्सेलमधून अडीचच्या क्लायंट कॉलवर. (हिवाळ्यात आपले अडीच म्हणजे फ्रँकफर्टचे सकाळचे दहा.) तिथून शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात. रिपोर्ट डिलिव्हरी मॅनेजरकडे, मॅनेजरकडून वर. सगळे बाण एकाच दिशेला, वर जाणारे. उलट खाली येणारा एकही नाही.

“याआधी टीममध्ये शेवटचं खरं कोण बोललं होतं?” मी विचारलं. “म्हणजे ऐकायला न आवडणारं काहीतरी?”

बराच वेळ तो आठवत राहिला. मग म्हणाला, जूनमधल्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंट संपल्यावर काय जमलं, काय नाही ते बोलायची बैठक) त्यांच्या टेस्टर मुलीनं ऑनलाइन फळ्यावर चिठ्ठी लावली होती: ‘मायग्रेशनचा (म्हणजे पॉलिसी हलवण्याचा) डेटा टेस्टिंगला फार उशिरा मिळतो.’ त्याला मुद्दा महत्त्वाचा वाटला, म्हणून त्याने तो जसाच्या तसा रिपोर्टमध्ये घातला. कॉलवर क्लायंटकडून प्रश्न आला, हे कोणाचं म्हणणं आहे? संध्याकाळी डिलिव्हरी मॅनेजरनं त्या मुलीला फोन करून सुनावलं, की असल्या गोष्टी आधी घरात बोलायच्या असतात.

“पण मी नाव घेतलं नव्हतं, मॅडम.”

“टेस्टर किती आहेत तुमच्याकडे?”

“दोन.” मग जरा थांबून, “दुसरी त्या महिन्यात रजेवर होती.”

त्यानंतरच्या रेट्रोत आठ चिठ्ठ्या आल्या होत्या. त्यातल्या सातांवर लिहिलं होतं, ‘टीमवर्क छान झालं’.

या टप्प्यावर मी त्याला एक संशोधन सांगितलं, कारण इंजिनिअर माणसाला माझ्या अनुभवापेक्षा ते लवकर पटतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. त्या टीम जास्त चुकत होत्या असं नव्हे, चूक सांगायला त्यांना भीती वाटत नव्हती. पुढे १९९९ साली एका कारखानदारी कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडताना त्यांनी याला ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ म्हटलं. निखिलनं कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हा शब्द ऐकला होता. त्यावर प्रश्नमंजूषाही झाली होती, त्याला दहापैकी दहा मिळाले होते.

पटलं, पण नुसतं डोक्यात. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, आज तुम्ही टीम आणि मी निखिल. त्याच्या एक्सेलच्या जागी मी वही उघडली, पेन हातात घेतलं. “हां, काल काय झालं?”

“लॉगिनचं काम थोडं राहिलंय.”

“का?” मी वहीत लिहायला लागले. “किती टक्के झालं?”

“ऐंशी... होईल आज. काही अडचण नाही.” आणि तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, तुम्ही लिहिताय हे दिसलं आणि मी ऐंशी म्हटलं. मनात साठ होते.”

मी पेन खाली ठेवलं. त्या तासात आणखी काही करायची गरज नव्हती.

मधल्या आठवड्यात मी स्क्रम गाइड, म्हणजे स्प्रिंटनं काम करायच्या त्यांच्या पद्धतीची मूळ पुस्तिका, वाचून काढलं होतं. फार मोठं नाही, एका बैठकीत होतं. त्यात रोजच्या भेटीला पंधरा मिनिटं दिलीत, आणि ती भेट काम करणाऱ्यांची असते, स्प्रिंटचं उद्दिष्ट गाठतोय का हे आपापसात पाहून आजचा बेत बदलण्यासाठी. निखिलचे ते तीन प्रश्न, काल काय, आज काय, अडचण काय, २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. हे त्याला दाखवलं तर म्हणाला, “माझी चाळीस मिनिटं होतात, कारण मी एक्सेल भरत असतो.” म्हणजे दहा वाजता त्याच्या टीमची भेट होतच नव्हती. होत होती ती क्लायंट कॉलची तयारी, आणि तिला नाव तेवढं स्टँडअपचं.

हायब्रिड प्रोजेक्टची ही खास मेख आहे असं मला आता वाटतं. ठरलेल्या तारखांच्या बाजूला हिशेब द्यावाच लागतो. तो देणं गैर नाही, क्लायंट पैसे मोजतोय. पण हिशेब द्यायची जागा आणि गोंधळ उघड करायची जागा एकच केली, की माणूस हिशेबाचीच भाषा बोलतो. त्यांच्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि कापलं की लाल. वर आपण मराठी घरांतून आलेली माणसं. मोठ्यांनी ‘सगळं ठीक ना?’ विचारलं की ‘हो’ म्हणायचं, हे वळण बालवाडीच्याही आधीचं. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर एकच आहे.

मग त्याने काय काय केलं? पहिली गोष्ट एक्सेल. स्टँडअपला ते बंद. रिपोर्टला लागणारी माहिती तो बोर्डावरून (कुठलं काम कुठवर आलं ते रकान्यांत दाखवणारा फळा) स्वतः घ्यायला लागला आणि जे कळलं नाही ते दुपारी ज्याला त्याला वेगळं विचारायला लागला. त्याचा रोज अर्धा तास वाढला, याची त्याने माझ्याकडे तक्रारही केली. दुसरं, माणसामाणसाला विचारत जाण्याऐवजी बोर्ड उजवीकडून वाचायचा, म्हणजे संपत आलेल्या कामापासून. ‘तू काय केलंस’ याऐवजी ‘हे काम संपायला आता काय लागेल?’ हे वाचन रोज वेगळा जण करणार आणि निखिल शेवटी बोलणार. तिसरं, एक जरी माणूस दूर असेल तर पुण्यातल्यांनीही आपापल्या लॅपटॉपवरूनच बैठकीला यायचं. आधी पाच जण एका खोलीत एका माइकभोवती बसायचे आणि नागपूरकरांना फक्त हशा ऐकू जायचा, कशाला ते कळायचं नाही. चहाच्या टपरीवर काही ठरलं तर ते लगेच ग्रुपवर दोन ओळींत लिहायचं.

आणि चौथं, ज्यासाठी त्याला दोन आठवडे लागले: त्या मुलीची माफी. आधी तिच्याशी एकटीशी, मग तिला विचारून टीमसमोर. “तुझं वाक्य मी न विचारता वर पाठवलं, ते चुकलं. यापुढे रेट्रोतलं काहीही टीमला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही.” ती म्हणाली, “ठीक आहे, सर.” बस. टीममध्येही शांतता. तो माझ्याकडे आला तो चिडूनच. “काही उपयोग झाला नाही.”

मी म्हटलं, जूनपासून त्यांनी जे शिकलंय ते एका सोमवारी कसं विसरतील? तुमचा शब्द ते आता तपासून पाहणार. तपासू द्या.

तीन आठवडे काहीच घडलं नाही. चौथ्या आठवड्यात जे घडलं ते मजेशीर आहे, कारण मदतीला आला तो ठरलेल्या तारखांचा आराखडा, ज्याला निखिल सगळ्या दुखण्याचं मूळ समजत होता. रेट्रोतून एका वेळी एकच गोष्ट उचलायची आणि पुरी करायची असं त्यांनी ठरवलं होतं. पहिली उचलली ती जूनचीच चिठ्ठी, या वेळी टीमच्या संमतीनं. निखिलनं ती रिपोर्टमध्ये तक्रार म्हणून लिहिली नाही. मायग्रेशनच्या आराखड्यात एक ओळ घालून घेतली: दुसऱ्या मॉक रनच्या (सिस्टीम बदलायच्या रंगीत तालमीच्या) पाच दिवस आधी नमुना डेटा टेस्टिंगला द्यायचा. तारीख आणि जबाबदार माणूस यांसकट. आराखड्यातली ओळ झाल्यावर फ्रँकफर्टहूनच तिचा पाठपुरावा सुरू झाला. डेटा आला, पाच नाही पण चार दिवस आधी. कागदावरचा पहिला बाण खाली आला होता.

त्या आठवड्यापासून स्टँडअपला बोलणं सुरू झालं, एकदम नव्हे. तीन कॅमेरे सुरू झाले, पाच बंदच राहिले. नागपूरच्या एका सीनिअरचा तर कधीच सुरू झाला नाही. निखिल मनातून त्याच्यावर काट मारून बसला होता. एकट्याशी बोलल्यावर कळलं, घरात आजारी आई, काम त्याच खोलीतून. त्याला बैठकीच्या आधी प्रश्न लिहून पाठवले तर तो पानभर मुद्देसूद उत्तर देतो, टीममध्ये कुणी देत नाही इतकं. कॅमेऱ्यावरून माणसाचं मन मोजू नका, असं मी या व्यवसायातल्या लोकांना हात जोडून सांगते.

धडधडीचं काय, तर तिचा संबंध टीमपेक्षा वरच्या फोनशी जास्त होता. लहानपणी मार्क कमी पडले की प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी ठेवणारा हा मुलगा, आता रिपोर्ट हिरवा ठेवत होता. त्यावर आम्ही चार भेटी काम केलं. ‘पिवळं आहे. कारण हे. मला तुमच्याकडून हे हवंय.’ ही तीन वाक्यं तो माझ्यासमोर मोठ्यानं म्हणायचा, आधी अडखळत. प्रत्येक मॅनेजर ते ऐकून घेईल असं मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. काही ठिकाणी वरचा माणूस बदलत नाही आणि मग आपण टीमसाठी किती झेलायचं, किती नाही, की जागाच बदलायची, हा वेगळा हिशेब बसून मांडावा लागतो. त्याच्या मॅनेजरनं पहिल्यांदा आरडाओरडा केला. दुसऱ्यांदा विचारलं, “काय हवंय बोल.”

शेवटून दुसऱ्या भेटीला तो आला तेव्हा थोडा फुरंगटलेला होता. सकाळी स्टँडअपला त्याने एक काम झालं म्हणून पुढच्या रकान्यात सरकवलं, तर ती टेस्टर म्हणाली, “सर, थांबा. हे झालेलं नाहीये.” सगळ्यांसमोर.

“मग?”

“राग आला आधी. खरं सांगतो, आलाच.” मग म्हणाला, “परत मागे सरकवलं. अडीचला पिवळं सांगितलं.”

सिस्टीम बदलायचा तो शनिवार-रविवार पुढच्याच महिन्यात होता. त्यानंतरच्या मंगळवारची वेळ मी त्याला लिहून दिली. कागद खिशात घालत त्याने विचारलं, “तारीख हलली तर?”

“तर फोन करून सांगा, हलली म्हणून.”